मोज्याला दोन टोकं असतात

विणकामानं मन शांत होतं, असं मला कुणी सांगितलं की माझं डोकं तिथंच तापतं. सांगणाऱ्या बाईनं आयुष्यात कधी मोजा विणलेला नसतो, हे मी पैजेवर सांगते. फार तर एखादा मफलर विणलेला असतो. मफलरला टाच नसते. ज्याला टाच नाही ते विणताना कुणाचंही मन शांत राहील.

मोज्याचं तसं नाही. मोजा विणायला बसलं की पहिला प्रश्न येतो तो सुरुवात कुठून करायची. पोटरीवरच्या काठापासून सुरू करून टाचेवरून बोटांकडे उतरायचं, की बोटांपासून सुरू करून टाचेवरून पोटरीकडे चढायचं? दोन्हीकडून मोजा होतो. पायात घातल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एवढं असूनही या एका प्रश्नावरून बासष्ट साली आमच्या साताऱ्याच्या घरात जे झालं, ते मला अजून गिळता आलेलं नाही.

माझं माहेर सांगलीचं. आई मोजे वरून खाली विणायची. तिच्या लहानपणी शाळेत शिवणाच्या बाई होत्या, त्यांनी तिला तसं शिकवलेलं. त्या बाईंनी सांगितलेली गोष्ट आईच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. आधी एक सुलट एक उलट असा काठ, मग पोटरी, मग टाच, मग पाऊल आणि शेवटी बोटांपाशी टाके कमी करत करत तोंड बंद. मलाही तिनं तेच शिकवलं. सायकलच्या दुकानातून तारा आणून, दोन्ही टोकं फरशीवर घासून चार सुया केल्या होत्या, त्याच सुया घेऊन मी सासरी आले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या मूळच्या औंधाकडच्या. सासरे पलटणीत होते, मी घरात आले तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्या नोकरीत सासूबाई काही वर्षं पलटणीच्या क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या आणि तिथं शेजारच्या एका पहाडी हवालदाराच्या बायकोनं त्यांना मोजे विणायला शिकवलं होतं. ती बाई खालून वर विणायची. बोटांच्या टोकाशी आठ टाके घ्यायचे, ते वाढवत पाऊल करायचं, टाच करायची आणि मग वर चढत जायचं. सासूबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण या विणकामात त्यांचा हात असा बसलेला की चुलीवर भाकरी टाकून त्या दोन ओळी विणून घ्यायच्या.

आता खरं सांगायचं तर दोन्ही पद्धतींत मजा आहे, आणि ती वेगवेगळी आहे. वरून खाली येताना टाच वळते ती घटका मला फार आवडते. तोवर हातात नुसती एक सरळ नळी असते, आणि दहा-बारा ओळींत तिला एकदम पाय असल्याचं कळायला लागतं. खालून वर जाताना दुसरीच गंमत. हाताएवढं होताच ते पायात घालून बघता येतं, आणि लोकर संपेल ही धास्ती नसते. जिथं लोकर संपली तिथं मोजा संपला. हे मला आज म्हणता येतं. त्या वेळी त्या घरात हे म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर दोन्हीकडून मार खाल्ला असता.

बासष्टच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, तेव्हा पलटणीत होते. लग्नाला आले होते, पंगतीत वाढायला होते, आणि जाताना मला म्हणाले होते, "वैनी, आईसंगं वाद घालू नका. मी वीस वरसं घालून बघितला." दिवाळीच्या सुमाराला सरहद्दीवर लढाई पेटली आणि त्यांची पलटण तिकडं वर गेली. कुठं ते पत्रात लिहायला बंदी होती. दिवाळी झाल्यावर, एका बुधवारी दुपारी त्यांचं पत्र आलं. चारच ओळी होत्या. इथं लय थंडी हाय, पाय गारठून दगड होत्यात, लोकरीचे मोजे पाठवा. रहिमतपूरचा आपला एक सोबती रजेवर आलाय, त्याला माघारी बोलावलंय, तो शनिवारी सकाळच्या गाडीनं निघेल, त्याच्याजवळ द्या.

बुधवार दुपार ते शनिवार सकाळ. दोन मोजे, दोन विणणाऱ्या. बसलो असतो तर शुक्रवारी संध्याकाळी जोड तयार होऊन पिशवीत पडला असता. हे गणित मी आजवर किती वेळा मांडलं असेल, सांगता येत नाही.

आमच्या ह्यांनी ऑफिसातून येताना खाकी लोकर आणली. सगळं गाव जवानांसाठी विणायला बसलेलं, त्यामुळं दुकानात होते नव्हते तेवढे चार गुंडे मिळाले. सासूबाईंनी दोन घेतले, मला दोन दिले.

"एक मी करती, एक तू कर," त्या म्हणाल्या. "पाऊल अकरा बोटं. माझ्या पोराचं पाऊल मला ठावं हाय."

बोटांनी मोजायची आमच्याकडची रीत. हात आडवा ठेवून बोटांवर बोटं मोजत जायचं. घरात टेप होती, शिवणाच्या डब्यात होती, मी स्वतः माहेराहून आणलेली होती. ती काढायची बुद्धी कुणाला झाली नाही. मलाही नाही.

माझी आई त्याच आठवड्यात मला चार दिवसांसाठी माहेरी न्यायला सांगलीहून आलेली होती. मोज्यांचं कळल्यावर ती म्हणाली, आता मोजे झाल्याशिवाय निघायचं नाही. तिचा हेतू चांगलाच होता. आमच्या घरात त्या आठवड्यात सगळ्यांचेच हेतू चांगले होते, त्यानंच तर घात केला.

गुरुवारी सकाळी मी पाणी भरून आले तर सासूबाईंच्या मांडीवर माझं विणकाम. रात्री झोपण्याआधी मी काठ आणि वीतभर पोटरी केली होती. त्यातली निम्मी उसवून त्यांनी लोकर परत गुंड्यावर गुंडाळायला घेतली होती.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"अगं, उलटं केलंतंस तू. वरनं सुरू करत्यात व्हय? उद्या लोकर सरली तर काय करशील? पोटरी झाकशील आन् बोटं उघडी ठेवशील? आदी बोटं झाकायची. थंडी बोटांस्नी वाजती."

आई शेजारीच तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"अहो विहीणबाई, मोजा फाटतो कुठं? पुढंच फाटतोय की ओ. वरून विणलेला असला की पुढचं तेवढं उसवायचं आणि नवं विणायचं. तुमचा फाटला तर काय करणार? उसवत तरी येतो का तुमचा बोटांकडून?"

"फाटल तवा फाटल! आदी पायात तर जाऊ दे!"

"जाईल की. पण वरचा काठ बघा तुमचा. आवळून बसतोय. पोराच्या पोटरीवर वळ उठतील."

"माज्या नवऱ्यानं अठरा वरसं घातलं माजं मोजं. कुटं वळ उठलं न्हाईत."

हे दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. जेवण झाल्यावर परत चाललं. मी मध्ये बसलेली, हातात उसवलेली लोकर, ती कुरळी झालेली, आणि दोघी माझ्याकडं बघून बोलतायत. एकीला वाटतं मी तिची लेक, दुसरीला वाटतं मी तिची सून, आणि दोघींचंही बरोबर. मला वाटत होतं की दोघींच्याही तोंडात एकेक गुंडा कोंबावा. शेवटी मी आईच्याच पद्धतीनं परत सुरू केलं. पटलं म्हणून नव्हे. मला दुसरी पद्धत धड येत नव्हती, आणि सासूबाईंनी विचारल्याशिवाय उसवलं याचा राग होता.

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंचा मोजा झाला. सुरेख झाला होता, मी नाही कशाला म्हणू. माझाही बोटांपर्यंत येऊन, तोंड बंद करून झाला. मी मोठ्या तोऱ्यात तो त्यांच्या मोज्याशेजारी ठेवला. माझा मोजा दोन बोटं आखूड होता.

अकरा बोटं म्हणजे सासूबाईंची अकरा बोटं. दळण-कांडण करून जाड झालेली. मी मोजली ती माझी, वीस वर्षांच्या मुलीची, आईनं कधी जड काम करू न दिलेली. त्यांनी सांगताना सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या हसल्या. आईसुद्धा हसली, त्याचा मला जास्त राग आला.

आता पुढचं तोंड उसवून दोन बोटं पाऊल वाढवायचं आणि परत टाके कमी करत बंद करायचं. आईनं मला एक सोपी युक्ती सांगितली. "घाई असली तर कमी करत बसू नकोस. पाऊल झालं की सगळ्या टाक्यांतून लोकर ओवून घे आणि बटव्याचं तोंड आवळतात तसं ओढ. झालं."

सासूबाईंनी ते ऐकलं. "आन् बोटाखाली गाठ ऱ्हाईल त्येचं? चालून चालून फोड यील पोराला. असलं मोजं देणार व्हय सरहद्दीवर? तुमच्या सांगलीत देत असतील."

सांगलीचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात ठिणगी पडली. ठीक आहे म्हटलं. आवळणार नाही. तुम्हाला हवा तसाच करीन, एकेक टाका कमी करत, सफाईनं, आणि बघू कोण काय बोलतंय ते.

भांडणात आणि उसवण्यातच शुक्रवारची रात्र गेली. शनिवारी पहिल्या एस.टी.नं सासूबाई आणि मी रहिमतपूरला निघालो. ह्यांना ऑफिस होतं, आई घरी राहिली. एस.टी.त मी विणत होते. खड्डा आला की टाका सुटायचा, तो उचलायचा, परत विणायचं. स्टेशनवर उतरलो तेव्हा पाऊल पुरतं झालं होतं, फक्त पुढचं तोंड राहिलं होतं. बाकावर बसून मी टाके कमी करायला लागले. सासूबाई उभ्याच. दर दोन मिनिटांनी रुळाकडं बघायच्या आणि माझ्या हातांकडं बघायच्या.

भाऊजींचा सोबती आला. विशीतलाच असेल. घरच्यांनी दिलेली पिशवी, ट्रंक, कपाळावर निघताना लावलेला गुलाल. त्यानं सासूबाईंच्या पाया पडून विचारलं, "मोजं आनलं न्हवं मावशी?"

"ह्यो बग, हुईलच आता," सासूबाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, "आवर."

गाडी आली. त्या स्टेशनावर ती किती थांबते ते तिकडच्या माणसांना विचारा. माझ्या सुयांवर अजून चाळीस टाके होते.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. चाळीस टाक्यांतून लोकर ओवून ओढायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ओवायची जाड सुई माझ्या पदराला टोचलेली होती, मीच ती निघताना घेतली होती. आईची युक्ती मला चांगली आठवत होती. सासूबाईंनी युक्ती ऐकली होती, पण तिला किती कमी वेळ लागतो ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पद्धतीत मोजा बोटांपाशी बंद करायची वेळच येत नाही, तो तिथं सुरू होतो. त्यांना वाटत होतं की उघडं तोंड बंद करायला तासभर लागणार. मी बोलले नाही. 'तुमच्या सांगलीत देत असतील' हे डोक्यात होतं. मी मान खाली घालून टाके कमी करत राहिले, दोनाचा एक, दोनाचा एक, अगदी सफाईनं.

शिट्टी झाली. तो मुलगा डब्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "वैनी, जो झालाय तो तरी द्या. एक तर एक. दुसरा मागनं पोस्टानं धाडा."

सासूबाईंच्या हातात तो होता. घडी घालून, फडक्यात गुंडाळून तयार. त्यांनी तो छातीशी धरला.

"एकच? एकच मोजा देऊ लढाईवरल्या पोराला? एकच पाय हाय व्हय माज्या लेकाला? असं अभद्र करायचं न्हाई बाबा. जोडीची वस्तू जोडीनं जाती."

आमच्याकडं कुणाला एकच चप्पल देत नाहीत, एकच बांगडी देत नाहीत. मलाही ते लहानपणापासून माहीत होतं. तरी मी म्हटलं, "आत्याबाई, द्या हो. थंडीत एक पाय तरी..."

"गप ऱ्हा," त्या म्हणाल्या. गाडी हलली. मुलानं हात वर केला आणि गेला.

मी तिथंच बाकावर बसून तोंड बंद केलं. सुंदर झालं. गाठ नाही, घडी नाही. सोमवारी जोड पोस्टात टाकला. आई मंगळवारी मला न घेताच सांगलीला परतली, कारण सासूबाईंनी माझ्या हातातून पिशवी काढून ठेवली, आणि मी ती परत उचलली नाही.

लढाई थांबली. भाऊजींचं पत्र आलं, दुसऱ्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मी बरा हाय, दवाखान्यात हाय, काळजी नसावी. एवढंच. सासूबाई रोज पोस्टमनची वाट बघायच्या आणि माझ्यावर डाफरायच्या. वरण पातळ झालं, डाफरल्या. केर राहिला, डाफरल्या. मीही उलट बोलायला शिकले. त्या चार-पाच महिन्यांत आम्ही दोघींनी लोकरीला हात लावला नाही.

उन्हाळ्यात भाऊजी आले. बाकी अंगानं चांगले होते, हसत होते, पण काठी घेऊन चालत होते. अंगणात बाजेवर बसून त्यांनी बूट काढला. उजव्या पायाची बोटं नव्हती. थंडीनं गेली, दवाखान्यात काढावी लागली. पाऊल पुढून सरळ कापल्यासारखं संपत होतं. सासूबाई जवळ गेल्या, खाली बसल्या आणि त्या पायावर हात फिरवत राहिल्या. रडल्या नाहीत. मी रडले.

भाऊजींनी ट्रंकेतून मोजे काढले. खाकी जोड, नीट घडी घातलेला. "मोजं दवाखान्यात मिळालं," ते म्हणाले. "लय ऊबदार हाईत. डावा घालतो. उजव्याचं पुढनं लोंबतंय, बुटात गोळा हुतो, टोचतंय."

कुणी विचारलं नाही की तो शनिवारचा मुलगा त्यांना कधी भेटला. भाऊजींनी आपणहून सांगितलं, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. सोबती आठ-नऊ दिवसांतच येऊन पोचला होता. त्यानंतरच्या आठवड्यात बोटं गेली. वेळेवर मोजा मिळाला असता तर बोटं वाचली असती का? डॉक्टरच सांगू शकतील, आणि कदाचित तेही नाही. पण विचार करायला आम्हाला कुठल्या डॉक्टरची परवानगी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर त्यांचा स्वतःचा मोजा. बोटांकडचं टोक सुईनं उचकटून त्या लोकर ओढायचा प्रयत्न करत होत्या. ते उसवत नव्हतं. सुरुवातीकडून विणकाम उसवत नाही, ते शेवटाकडूनच उसवतं. मला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत असणार. तरी त्या ओढत होत्या, आणि लोकर तुटून त्यांच्या बोटाला गुंडाळली गेली होती.

मी दुसरा मोजा आणला. माझा. त्यांच्या शेजारी बसून मी पुढची शेवटची गाठ शोधली, कापली आणि लोकर ओढली. सरसर उसवत आलं. भाऊजींना हाक मारली. त्यांनी पाय पुढं केला. सासूबाईंनी आपला हात त्यांच्या पावलावर आडवा ठेवून बोटांवर बोटं मोजली, दोनदा.

"आठ," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून त्यांनी तो पावलावर ठेवला. "तुजी किती व्हत्यात बग. मी सांगत न्हाई."

माझी दहा होत होती. तेवढं ठेवून बाकीचं उसवलं. टाके सुयांवर उचलून घेतले. आता तोंड बंद करायचं होतं. टाके कमी करत गेलं असतं तर पुढं टोक आलं असतं, आणि या पायाला आता टोक नव्हतं. मी शिवणाच्या डब्यातून जाड सुई काढली, लोकर ओवली आणि एकेका टाक्यातून पुढं घेत गेले. सगळे टाके झाल्यावर ओढली. बटव्याचं तोंड मिटतं तसं मोज्याचं तोंड मिटलं. गाठ मारून मी ती बाहेरच्या बाजूला काढली, आत टोचू नये म्हणून.

सासूबाई सगळा वेळ माझ्या हातांकडं बघत होत्या. स्टेशनवर बघत होत्या तशाच. चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं, त्याला अजून उकळीही फुटली नव्हती.

"येवढंच व्हतं व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच होतं, आत्याबाई," मी म्हणाले.